पानी आलं त, पानी आलं असतं त : इंग्रजी 'इफ'ची गाठ

मृग लागला की आमच्या गावच्या पानठेल्यावर एक वाक्य रोज ऐकू येतं, "पानी आलं त पेरू." मग पाऊस हूल देऊन निघून जातो. पंधरवड्याने त्याच बाकड्यावर, त्याच माणसाच्या तोंडी दुसरं वाक्य असतं, "पानी आलं असतं त पेरलं असतं." पहिलं बोलताना माणूस आभाळाकडे बघतो. दुसरं बोलताना तो तंबाखू मळत असतो, मान वर करत नाही.

माझे वडील चौथी शिकलेले. ही दोन वाक्यं त्यांनी आयुष्यात एकदाही एकमेकांच्या जागी वापरली नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात समाजमंदिराच्या ओट्यावर मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो. तिथे बारावीची आणि स्पर्धा परीक्षेची पोरं येतात, आणि हीच दोन वाक्यं इंग्रजीत सांगा म्हटलं की दहातली आठ अडकतात. मग कुणीतरी पुस्तकातला तक्ता म्हणून दाखवतो: झीरो कंडिशनल, फर्स्ट, सेकंड, थर्ड. पाढ्यासारखा पाठ असतो. पण वाक्य काही येत नाही.

तो तक्ता चूक नाही. मात्र माझं मत असं की तो शेवटी शिकवावा, आधी नाही. आधी हे बघावं की आपली मराठी या बाबतीत काय करते, कारण पोरांच्या बहुतेक चुका इंग्रजी येत नाही म्हणून होत नाहीत. मराठी फार चांगली येते म्हणून होतात.

आता पहिलंच वाक्य घ्या. "पाणी आलं तर पेरू." यातलं 'आलं' हे भूतकाळाचं रूप. "काल पाणी आलं" यात जे 'आलं' आहे तेच. पण पाणी तर अजून यायचं आहे! मराठीत 'तर' मागे लागला की 'आलं'मधला भूतकाळ गळून पडतो आणि उरते ती फक्त अट. आपल्याला हे इतकं अंगवळणी पडलंय की लक्षातही येत नाही. पोरगा मात्र भाषांतर करताना 'आलं' बघतो आणि लिहितो: इफ इट रेन्ड, वी विल प्लांट. (पेरण्याला इंग्रजीत खरा शब्द 'सो', पण देवनागरीत तो वाचताना घोळ होतो, म्हणून इथे 'प्लांट'वर भागवतो.)

बरोबर वाक्य असं:

इफ इट रेन्स, वी विल प्लांट कॉटन.

इंग्रजीचा हिशेब असा आहे. गोष्ट होऊ शकते, दार उघडं आहे, तर 'इफ'च्या अर्ध्या भागात साधा वर्तमानकाळ आणि दुसऱ्या अर्ध्यात 'विल'. भविष्याची जबाबदारी दुसऱ्या अर्ध्याने घेतलेली असते, म्हणून 'इफ'जवळ 'विल' पुन्हा नको. एका बंडीला दोन जू कोण लावतो?

तरी पोरं 'इफ इट विल रेन' लिहितात. ते कुठून येतं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग एकदा एका मुलीच्या वहीत वाक्य दिसलं: इफ माय फादर विल बी ॲट होम, आय विल आस्क हिम. तिला म्हटलं, मराठीत सांग. ती म्हणाली, "बाबा घरी असन त विचारतो." झालं! 'असन', म्हणजे पुस्तकी मराठीतलं 'असेल'. आपण आत्ताच्या गोष्टीबद्दल खात्री नसली की भविष्यकाळाचं रूप वापरतो. बाबा घरी आहेत की नाहीत हे या क्षणी ठरलेलंच आहे, आपल्याला फक्त ठाऊक नाही. मराठी त्याला 'असेल' म्हणते, इंग्रजी सरळ 'इज' म्हणते. इफ माय फादर इज ॲट होम. तेव्हा मराठीत 'आलं' असो, 'येईल' असो, 'असेल' असो, गोष्ट घडण्याजोगी असेल तर इंग्रजीत 'इफ'जवळ वर्तमानकाळच.

हाच कायदा 'व्हेन', 'अंटिल', 'बिफोर', 'ॲज सून ॲज' यांनाही लागू आहे. पाऊस आला की पेरू: व्हेन इट रेन्स, वी विल प्लांट. 'व्हेन इट विल रेन' नाही. एक दगड, चार चिंचा.

आमच्या बोलीचा एक फायदाही इथे सांगून टाकतो. "पानी येऊन रायलं" म्हटलं की पुण्याकडचे लोक हसतात. हसू द्या. इंग्रजीतल्या 'इट इज रेनिंग'ला 'येऊन रायलं' जितकं फिट बसतं तितकं 'येत आहे' बसत नाही. "पानी येऊन रायलं असन त कापूस झाक": इफ इट इज रेनिंग, कव्हर द कॉटन. दुसऱ्या अर्ध्यात 'विल'च पाहिजे असं नाही हेही यात दिसलं. तिथे आज्ञा चालते, 'कॅन' चालतं, 'मे' चालतं, 'मस्ट' चालतं.

'इफ'जवळ 'विल' कधीच येत नाही का? येतं, एका ठिकाणी. विहिरीत मोटर अडकली की एक जण दोर धरतो आणि एक जण उतरतो. उतरणारा म्हणतो, "तू दोर धरशीन त मी उतरतो." इथे प्रश्न दोर धरला जाईल की नाही एवढाच नाही, तू धरायला राजी आहेस का हा आहे. इफ यू विल होल्ड द रोप, आय विल गो डाउन. हे 'विल' भविष्याचं नाही, राजीखुशीचं आहे. परीक्षेत सहसा विचारत नाहीत, पण वाचताना भेटलं तर दचकू नका.

जी गोष्ट नेहमीच तशी होते, तिच्यासाठी दोन्हीकडे वर्तमानकाळ. इफ कॉटन गेट्स वेट, इट टर्न्स यलो. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर कापसात १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा निघाला की गाडी परत: इफ द मॉइश्चर इज अबव्ह ट्वेल्व्ह परसेंट, दे डू नॉट बाय इट. यात कुणाचा अंदाज नाही, नियम आहे. पुस्तकं याला झीरो कंडिशनल म्हणतात, आणि यात शिकवण्यासारखं फार नाही. एक सोडून.

ते एक म्हणजे औषधाची बाटली. फवारणीच्या औषधासोबत घडी घातलेला पातळ कागद येतो, डोळ्याला भिंग लावून वाचावा एवढ्या बारीक अक्षरांचा. त्यावर इंग्रजीत 'इफ स्वॅलोड', 'इफ इन आईज' अशी सुरुवात असलेल्या ओळी असतात. पोरं विचारतात, सर, यात कर्ता कुठे गेला? गेला नाही, गाळला आहे. 'इफ इट इज स्वॅलोड', म्हणजे गिळलं गेलं तर, यातले 'इट इज' खाऊन टाकलेत आणि पुढे आज्ञा: हे करा, ते करू नका. 'इफ इन आईज, रिन्स विथ वॉटर', डोळ्यात गेलं तर पाण्याने धुवा. आमच्या जिल्ह्यात २०१७ च्या फवारणीच्या दिवसांत विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून मी वर्गात दरवर्षी एक रिकामी, धुतलेली बाटली नव्हे, फक्त तो कागद आणतो आणि वाचायला लावतो. बाटलीवरच्या चौकोनातला त्रिकोण लाल असला तर औषध सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. हे व्याकरण नाही, पण त्याच कागदाच्या शेजारी असतं, म्हणून सांगितलं.

आता गाठ जिथे खरी बसते तिथे येऊ.

गावात एका काकाजींचा मुलगा भरतीची तयारी करतो. पहिल्या वर्षी काकाजी म्हणायचे, "पोराले नोकरी लागली त बोअर मारू." यंदा त्याचं पाचवं वर्ष. काकाजी अजूनही तेच म्हणतात, शब्द तेच, फक्त आवाज बदललाय. पहिल्या वर्षी ते बोअरवाल्याचा भाव विचारून आले होते. आता बोलून झालं की ते विषय बदलतात.

मराठी इथे क्रियापदाला हात लावत नाही. आशा किती उरली हे ती सुरावर सोडते. इंग्रजी तसं सोडत नाही, क्रियापदातच लिहून घेते:

इफ माय सन गेट्स अ जॉब, वी विल ड्रिल अ बोअरवेल. (हे पहिल्या वर्षीचे काकाजी.)

इफ माय सन गॉट अ जॉब, वी वुड ड्रिल अ बोअरवेल. (हे आत्ताचे.)

'गॉट' हा भूतकाळ आहे, पण गोष्ट काल-परवाची नाही, पुढचीच आहे. मग भूतकाळ कशाला? कारण इंग्रजीत अटीच्या वाक्यातला भूतकाळ वेळ सांगत नाही, अंतर सांगतो. शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, विचार करा. वर्तमानकाळ म्हणजे आपल्या शेतात उभं राहून बोलणं, हाताच्या अंतरावरची गोष्ट. भूतकाळ म्हणजे धुऱ्यापलीकडची: दिसते, पण आपली नाही. आणि 'हॅड' लावलेला भूतकाळ, तो त्याच्याही पलीकडच्या धुऱ्याच्या आडचा. तिथलं पीक निघून गेलेलं आहे, आता कुणी काही करू शकत नाही. तक्त्यातले फर्स्ट, सेकंड, थर्ड म्हणजे एवढंच. प्रत्येक वेळी क्रियापद एक धुरा मागे सरकतं, आणि त्याच्यासोबत 'विल'चं 'वुड' होतं, 'वुड'चं 'वुड हॅव'.

मधल्या धुऱ्यावर मी स्वतः एकदा सपाटून पडलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नोकरीच्या मुलाखतीत मला इंग्रजीत विचारलं, तुम्ही तुमच्या गावचे सरपंच असता तर काय केलं असतं? प्रश्न होता: व्हॉट वुड यू डू इफ यू वेअर द सरपंच? मी छाती पुढे काढून सुरू झालो. आय विल बिल्ड द पांदण रोड. आय विल रिपेअर द हँडपंप. आय विल, आय विल, आय विल. समोरच्या तिघांतले एक गृहस्थ मराठीत म्हणाले, "बसले का मग खुर्चीवर?" तेव्हा मला कळलंच नाही ते का हसले. घरी येताना एसटीत कळलं. त्यांनी 'वुड' विचारलं होतं, म्हणजे समजा, मनात धरा. मी 'विल' सांगत होतो, म्हणजे निवडून आलोय, परवा काम सुरू. प्रश्न 'वुड'ने आला तर उत्तर 'वुड'ने जातं: आय वुड बिल्ड द पांदण रोड. मुलाखतीला जाणाऱ्याने एवढं एक जरी बांधून नेलं तरी पुष्कळ.

त्याच प्रश्नातलं 'वेअर' खटकलं असेल. 'यू'सोबत ते बरोबरच, पण 'आय'सोबतही इंग्रजी 'इफ आय वेअर' म्हणते, 'ही'सोबत 'इफ ही वेअर'. एके काळी इंग्रजीत मनातल्या गोष्टींसाठी क्रियापदाची वेगळी रूपं होती. हळूहळू ती साध्या भूतकाळात मिसळून गेली. फक्त 'बी' या एका क्रियापदात जुनं 'वेअर' टिकलं, मोडलेल्या वाड्याचा एखादा खांब उभा राहावा तसं. बोलताना 'इफ आय वॉज' म्हणणारे इंग्रज आज भरपूर आहेत. लेखी परीक्षेत मात्र 'वेअर' लिहा. 'इफ आय वेअर यू', मी तुझ्या जागी असतो तर, हे तर आता ठरलेलंच बोलणं झालं आहे.

तिसऱ्या धुऱ्याकडे जाताना परत आपली मराठी आडवी येते, आणि या वेळी जोरात.

बोंडअळीचं उदाहरण घेतो, कारण २०१७ चा हंगाम आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी आणि किडकी सरकी. बीटी कापूस देशात २००२ साली आला तो बोंडअळीचा बंदोबस्त म्हणून, आणि पंधरा वर्षांत गुलाबी अळीने त्यालाही जुमानणं सोडलं. कारणं एकाहून जास्त होती. बियाण्याच्या थैलीसोबत १२० ग्रॅमची बिगर-बीटी पुडी यायची, ती कडेने पेरायची असायची. आमच्या शिवारात किती जणांनी पेरली ते विचारू नका. दुसरं कारण फरदड. वेचणी संपली तरी चार पैसे जास्तीचे मिळतील म्हणून पाणी देऊन पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, मार्च-एप्रिलपर्यंत उभी ठेवायची. अळीला बारमाही मेस मिळाली. कृषी खातं सांगतच होतं की डिसेंबरअखेर शेत मोकळं करा. त्यावर आता लोक म्हणतात:

"फरदड ठेवली नसती तर अळी वाढली नसती."

इंग्रजीत: इफ वी हॅड नॉट केप्ट द ओल्ड क्रॉप, द वर्म वुड नॉट हॅव स्प्रेड.

'इफ'जवळ 'हॅड' आणि क्रियापदाचं तिसरं रूप, दुसरीकडे 'वुड हॅव' आणि तिसरं रूप. पोरं काय लिहितात? इफ वी वुड नॉट हॅव केप्ट, द वर्म वुड नॉट हॅव स्प्रेड. दोन्हीकडे 'वुड हॅव'. का? मराठी वाक्य पुन्हा वाचा. ठेवली नसती, वाढली नसती. आला असता, गेलो असतो. मराठीत 'असता' दोन्ही अर्ध्यांत बसतो, जोडीच्या बैलांसारखा. शाळेच्या मराठी व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात, आणि त्याचं वैशिष्ट्यच हे की अट आणि फळ दोन्ही एकाच साच्यात. पोरगा तो साचा तसाच उचलून इंग्रजीत ठेवतो. इंग्रजी मात्र दोन बैलांना दोन वेगळी दावी बांधते: अटीला 'हॅड', फळाला 'वुड हॅव'. अमेरिकेत बोलताना 'इफ आय वुड हॅव नोन' म्हणणारे खूप भेटतात, यूट्यूबवर ऐकून पोरं ते माझ्यासमोर पुरावा म्हणून आणतात. ऐकलेलं खरं आहे. पण लिहिताना तेही लोक ते चूकच धरतात.

आणि ऐकण्यात आणखी एक फसवणूक आहे. बोलताना 'हॅड' आणि 'वुड' दोन्ही आखडून नुसता 'ड' उरतो. 'आयड नोन' यातला ड 'हॅड'चा आहे, 'आयड कम' यातला 'वुड'चा. 'इफ आयड नोन, आयड हॅव कम', कळलं असतं तर आलो असतो. कानाला दोन्ही ड सारखेच. ओळखायचं कसं? पुढचा शब्द बघा. क्रियापदाचं तिसरं रूप असेल ('नोन', 'सीन', 'गॉन') तर तो 'हॅड'. 'हॅव' किंवा क्रियापदाचं पहिलं रूप असेल तर 'वुड'. 'कम'चं पहिलं आणि तिसरं रूप सारखंच निघतं ही त्यातली खोडी. तिथे वाक्याच्या अर्थावरूनच ठरवावं लागतं.

आता सर्वांत अवघड वाक्य, आणि ते दिसायला सर्वांत साधं आहे. "पैसे असते तर बैल घेतले असते." याचं इंग्रजी काय? वर्गात एकदा यावरून दोन गट पडले होते. एक म्हणे:

इफ आय हॅड मनी, आय वुड बाय बुलक्स.

दुसरा म्हणे:

इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट बुलक्स.

'हॅड हॅड' ऐकून पोरं खिदळली. पण दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. पहिल्यातला माणूस आज, आत्ता बोलतोय. खिसा आज रिकामा आहे म्हणून बैल नाहीत. दुसऱ्यातला गेल्या बैलबाजाराची गोष्ट सांगतोय. जोडी समोर उभी होती, दात बघून झाले होते, पैसे नव्हते, दुसऱ्याने दावं हातात घेतलं. मराठीचं 'घेतले असते' दोन्हीकडे चालतं, कारण मराठीला इथे एवढंच सांगायचं आहे की झालं नाही. कधी झालं नाही ते ऐकणाऱ्याने समजून घ्यावं. इंग्रजी विचारते, आज झालं नाही की तेव्हा? म्हणून अशा वाक्याचं भाषांतर करण्याआधी त्यात 'आज' किंवा 'तेव्हा' घालून बघा. 'आज' बसला तर 'वुड', 'तेव्हा' बसला तर 'वुड हॅव'. 'हॅड हॅड'ला भ्यायचं कारण नाही. पहिला 'हॅड' मदतनीस आहे, दुसरा 'हॅव' म्हणजे जवळ असणे याचं तिसरं रूप.

दोन अर्धे वेगवेगळ्या वेळांचे असू शकतात, ते ही युक्ती कळली की आपोआप सुटतं. "तेव्हा विहीर खोदली असती तर आज पाणी असतं." पहिल्यात तेव्हा, दुसऱ्यात आज. इफ वी हॅड डग द वेल देन, वी वुड हॅव वॉटर टुडे. इथल्या 'वुड हॅव'मधलं 'हॅव' मात्र मदतनीस नाही, पाणी जवळ असण्याचं आहे, फसू नका. उलटंही होतं. आमच्याकडे रानडुकरांपासून पीक राखायला रात्री शेतात जागल करतात. एक जण गेला नाही, कारण त्याला सापाची भीती, आणि ती कालही होती, आजही आहे, उद्याही असणार. इफ आय वेअर नॉट अफ्रेड ऑफ स्नेक्स, आय वुड हॅव गॉन लास्ट नाइट. कायमची गोष्ट 'वेअर'ने, कालची 'वुड हॅव'ने.

एक खबरदारी. 'इफ'जवळ भूतकाळ दिसला म्हणजे ती मनातलीच गोष्ट असं धरू नका. "लहानपणी पाणी आलं की आम्ही नाचायचो": इफ इट रेन्ड, वी डान्स्ड. इथे खरंच पाणी यायचं, खरंच नाचायचो. दुसऱ्या अर्ध्यात 'वुड' नाही, साधा भूतकाळ आहे, यावरून ओळखायचं.

'अनलेस'वर बारावीच्या पेपरात हमखास गुण जातात, म्हणून तेही. कृषी विभाग दर जूनमध्ये सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, नाहीतर दुबार पेरणी नशिबी येते. "जोपर्यंत पुरेसा पाऊस पडत नाही तोपर्यंत पेरू नका." मराठीत 'जोपर्यंत'सोबत 'नाही' लागतोच. इंग्रजीत 'अनलेस'च्या पोटातच 'नाही' आहे. डू नॉट प्लांट अनलेस इट रेन्स इनफ. पोरं लिहितात 'अनलेस इट डझ नॉट रेन', आणि अर्थ उलटा होऊन बसतो: पाऊस पडला तर पेरू नका! 'अंटिल'चंही तेच. 'अनलेस' आणि 'अंटिल' यांच्यापुढे 'नॉट' लिहायला पेन उचललं की थांबा.

आमच्या बोलीत 'जर' जवळपास कुणी म्हणत नाही. "जर पाणी आलं तर" असं फक्त रेडिओ बोलतो. आपण 'त'वर काम भागवतो. इंग्रजीलाही 'इफ' गाळता येतं, पण ती त्याची किंमत घेते: मदतनीस क्रियापद उचलून पुढे आणावं लागतं. इफ आय हॅड नोन याचं होतं हॅड आय नोन. इफ आय वेअर यू याचं वेअर आय यू. बँकेच्या पत्राच्या शेवटी 'शुड यू नीड एनी हेल्प' असं असतं तेही हेच आहे, काही मदत लागलीच तर. 'तुम्हाला मदत लागायला पाहिजे' असा त्याचा अर्थ एकाने लावला होता, आणि त्याला बँकेचा राग आला होता.

स्वल्पविरामाचं एका ओळीत: 'इफ'चा भाग आधी आला तर मध्ये स्वल्पविराम, नंतर आला तर नको.

वर्ग सुटताना मी चार वाक्यं देतो, ती इथेही देतो. मोठ्याने मराठीत म्हणा, 'आज' की 'तेव्हा' ते ठरवा, मग लिहा. "एसटी चुकली त पायी जाऊ." मिळायला हवं: इफ वी मिस द बस, वी विल वॉक. "मले पोहता येत असतं त मी उडी मारली असती." पोहता न येणं आजही आहे, उडी तेव्हाची, म्हणून: इफ आय कुड स्विम, आय वुड हॅव जम्प्ड. "सांगितलं असतं त आलो असतो." इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम.

चौथं वाक्य आमच्या वडिलांचं आहे, "बैल असते त वखरलं असतं." ते फळ्यावर लिहिलं की हुशार पोरं लगेच लिहायला लागत नाहीत. ओट्याच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघून विचारतात, "बाबाजी, हे आजचं बोलून रायले का तवाचं?"